हाताखालची माणसे

एखाद्याला अधिकार मिळाला हे सांगायचे असले, की आपण मराठी माणसे हाताची मदत घेतो. 'त्याच्या हाताखाली दहा माणसे आहेत,' असे म्हणतो. लग्नाच्या बैठकीत मुलाचा मामा हेच वाक्य अशा काही थाटात टाकतो, की पगाराचा आकडा ऐकून जागचे न हललेले वधूपितेही सतरंजीवर सावरून बसतात. हाताखाली दहा माणसे! मात्र त्या दहा माणसांचे करायचे काय असते, हे मामांना कोणी विचारीत नाही. आणि ते बरेच आहे, कारण भाचेबुवांनाही ते नेमके ठाऊक नसते.

अधिकारपद मिळते त्या दिवशी एक कागद हाती येतो. माझ्याही आला. एका पतसंस्थेत वीस-बावीस वर्षे कारकून, रोखपाल, तपासनीस अशा पायऱ्या चढत मी शाखाधिकारी झालो, तेव्हा आलेला तो दोन पानी हुकूम मी घरी नेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. कर्ज किती रकमेपर्यंत मंजूर करावे, तिजोरीची कोणती किल्ली कोणाकडे असावी, कोणत्या कागदावर एक सही आणि कोणत्यावर दोन, हे सारे त्यात कलमवार होते. माणसांविषयी एकच ओळ होती : 'कर्मचाऱ्यांवर योग्य ती देखरेख ठेवावी.' सौभाग्यवती म्हणाली, "म्हणजे नक्की काय करायचं?" मी म्हटले, "योग्य ते!" त्यावर घरातली पोरे हसली, आणि मीही हसलो, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न काही हसण्यावारी जाईना.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख विचारताना मध्ये घाट येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा वरचा मजला. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा पूर्णाकाठच्या काळ्या मातीचा खालचा मजला. मी घाटाखालचा आणि माझी शाखा घाटावरची. शाखा लहान, मला धरून सहा माणसे. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले, की माझ्या चहाच्या कपाखाली बशी आली आहे. आजवरच्या नोकरीत मला कोणी बशी दिली नव्हती. मी खोलीत शिरलो की चाललेले बोलणे थांबे, आणि मी बाहेर पडलो की पुन्हा सुरू होई. बशी आणि शांतता, या दोन गोष्टी अधिकाराबरोबर आपोआप येतात. बाकीचे सगळे मिळवावे लागते.

नवे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारच्या साहेबांचे आवडते वाक्य असते, "आणा इकडे, मी करतो." बिचाऱ्याचे काही चुकते असे नाही. आयुष्यभर हातातले काम चोख केले म्हणून तर त्याला बढती मिळाली. आणि बढती मिळताच त्याला सांगितले जाते, की आता ते हात मांडीवर ठेव! उत्तम पोहणाऱ्याला काठावर बसवून दुसऱ्याचे बुचकळणे पाहायला लावावे, तशी त्याची अवस्था होते. मग तो धीर न धरवून पाण्यात उडी घेतो. संध्याकाळी सगळ्यात दमलेला माणूस तोच असतो, आणि त्याच्या हाताखालची माणसे लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी, काही लागले तर सांगा, अशा चेहऱ्याने उभी असतात. वर्षभराने ती होती तिथेच असतात.

दुसऱ्या प्रकारचे साहेब याच्या उलट. ते म्हणतात, "कसं करायचं ते मला विचारू नका, मला काम पाहिजे." हे ऐकायला मोठे करारी वाटते. पण ज्याला काम येत नाही त्याला असे सांगणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला काठावरून वेळ विचारण्यासारखे आहे. पहिला साहेब माणसाला बुडू देत नाही आणि पोहूही देत नाही. दुसरा बुडाल्यावर रजिस्टरात नोंद करतो.

यांच्या मधली वाट कोणती, याचा विचार करताना मला एकाही वरिष्ठाची आठवण झाली नाही. आठवण झाली ती तिफणीची.

आता आमच्याकडे ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरा होतो, म्हणून तरुण वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, की शेतकऱ्याजवळ पेरणीचे मोजके दिवस असतात. तिफणीला तीन फण. वर मधोमध चाडे. चाड्याच्या भोकांतून तीन नळे निघून फणांमागे जमिनीत उतरलेले. बैलामागे चालत, बियांनी भरलेली मूठ चाड्यावर धरायची आणि बोटांच्या फटींतून दाणे असे सोडायचे, की तिन्ही नळ्यांना सारखी वाटणी मिळावी. मूठ आवळली की तास मोकळा जातो. सैल पडली की एकाच जागी पसाभर बी सांडते. बैल तर थांबत नाहीत. आणि गंमत अशी, की काय बिघडले ते त्या दिवशी दिसत नाही. काळ्या मातीवर सगळे तास सारखेच देखणे दिसतात. आठवड्याभराने कोंब वर आले, म्हणजे कोणाच्या मुठीने काय केले ते रस्त्याने जाणारायेणारा वाचतो. इतक्या उघड्यावर घेतली जाणारी परीक्षा दुसरी नसेल.

ही विद्या अंगणात बसून शिकता येत नाही. खऱ्या वाफशावर, खऱ्या बियाण्याने, खऱ्या बैलांमागेच ती शिकावी लागते. म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला एक दिवस आपले सबंध वर्ष एखाद्या चौदा वर्षांच्या पोराच्या मुठीत द्यावे लागते. माझ्या वडिलांनी माझ्या मुठीत दिले. पहिला दिवसभर त्यांनी मला नुसते बरोबर चालवले. दुसऱ्या दिवशी माझी मूठ चाड्यावर आणि तिच्यावर त्यांची मूठ. 'हाताखाली' या शब्दाचा अक्षरशः अर्थ मला तेव्हा कळला होता; त्यांच्या तळहाताची ऊब माझ्या बोटांच्या पेरांवर होती, आणि ती बोटे किती उघडायची ते तो तळहात सांगत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात काढून घेतला आणि ते बैलांकडे पाहू लागले.

तास चालू असताना ते एक अक्षर बोलत नसत. बोलले असते तर मी त्यांच्याकडे पाहिले असते, आणि मूठ तिचे काम विसरली असती. धुऱ्याशी तिफण वळवायची, तेवढ्या वेळात काय ते सांगायचे, आणि तेही एकच वाक्य. "मूठ सैल ठेव, पन सुटू देऊ नोको." पुढच्या धुऱ्याशी दुसरे. दोन वाक्ये एका धुऱ्याशी त्यांनी कधी सांगितली नाहीत.

आणखी दोन गोष्टी तेव्हा माझ्या ध्यानात आल्या नव्हत्या. त्या मी स्वतः बाप झाल्यावर आल्या. मला त्यांनी रस्त्याकडचे वावर पेरायला दिले नव्हते, आतली पट्टी दिली होती. तिथले तास उगवून आल्यावर ते वाचायला गाव येणार नव्हता. आणि घरातून निघताना त्यांनी थोडे बी वेगळ्या फडक्यात बांधून बाजूला ठेवले होते. खाडे पडले तर भरायला. त्या वर्षी ते बी लागले की नाही, हे मला आठवत नाही. बाजूला ठेवले होते, एवढे आठवते.

ही झाली शेतातली गोष्ट. आता पतसंस्थेतली.

आमच्या शाखेत एक मुलगी नव्याने लागली होती. घाटाखालच्या खेड्यातली, वाणिज्याची पदवीधर, हिशेबाला पक्की, अक्षर मोत्यासारखे. आठवड्याभरात तिने खतावणीचे काम असे उचलले, की सगळ्यांना हायसे वाटले. पण तिला कॅशवर बसवण्याचा विषय निघाला, त्या संध्याकाळी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "सर, दुसरं कोणतंही काम द्या, पण कॅशवर नको. द्यायचंच असेल तर मी नोकरी सोडते." आधीच्या एका नोकरीत पहिल्याच महिन्यात तिच्या हातून दोन हजार रुपयांची तूट आली होती. तूट आली की रोखपालाने भरायची, असा सर्वत्र रिवाज आहे. ती भरली तिच्या वडिलांनी, कापसाच्या पैशांतून. "बाबा एक शब्द बोलले नाहीत, सर," ती म्हणाली. एवढे सांगताना तिचा आवाज फुटला. ते रागावले असते तर तिला ते सोसले असते.

तिला खतावणीवरच ठेवणे सोपे होते. त्याला दया असेही नाव देता आले असते. पण लहान शाखेत ज्याने कॅश हाताळली नाही, त्याची वाढ तिथेच खुंटते. वर्षे जातात, बरोबरीचे पुढे निघून जातात, आणि एका भीतीच्या सावलीत तो माणूस रोपाएवढाच राहतो. आपली दया दुसऱ्याला फार महाग पडू शकते. उलट, कसलाही विचार न करता तिला बाजाराच्या दिवशी कॅशवर ढकलणे हेही सोपेच होते. शिकेल नाहीतर जाईल, म्हणणारे पुष्कळ असतात.

मी वडिलांची आतली पट्टी शोधली. आमच्याकडे दुपारी तीननंतर गर्दी ओसरते. ती वेळ तिला दिली. मी स्टूल घेऊन शेजारी बसलो, हात टेबलाखाली ठेवले, आणि काही झाले तरी नोटेला बोट लावायचे नाही, असे स्वतःला बजावले. हे फार कठीण काम आहे हो! नोटा मोजण्याचे यंत्र शेजारी असूनही ती प्रत्येक गड्डी हाताने दोनदा मोजी, आणि माझी बोटे टेबलाखाली तिच्याबरोबर मोजत असत. समोर शेतकरी थांबलेला. त्याच्या चेहऱ्यावर एसटी निघून जाण्याची चिंता. "आण इकडे" हे शब्द कितीदा तरी ओठांवर आले आणि परत गेले. बोलायचे ते शटर अर्धे खाली आल्यावर, माणसे गेल्यावर. तो आमचा धुरा. एका संध्याकाळी एकच गोष्ट.

राहिला प्रश्न खाडे भरायच्या बियाण्याचा. मी सगळ्यांना बोलावून म्हटले, की नव्या माणसाच्या पहिल्या तीन महिन्यांतली तूट शाखेतल्या सगळ्यांनी मिळून भरू. महिन्याला शंभर-शंभर रुपये एका पाकिटात टाकू. खोलीत शांतता पसरली. आमचे जुने रोखपाल, तीस वर्षे नोटा मोजून ज्यांच्या अंगठ्याची रेषा पुसट झाली होती, ते म्हणाले, "साहेब, आम्हाला असं कोणी दिलं नव्हतं. आम्ही आमच्या खिशातून भरलं."

त्यांचे म्हणणे खरे होते, आणि त्यात एक जुने दुःखही होते. जगातले बहुतेक खडतर शिक्षण याच एका वाक्यावर चालत आले आहे. सासूने सुनेला, उस्तादाने शागिर्दाला, वरच्या वर्गातल्याने खालच्या वर्गातल्याला, आम्ही सोसले तेव्हा तुम्हीही सोसा, असे सांगितले आणि ती साखळी पुढे सरकवली. मला त्यांना उत्तर देता येईना. म्हणून मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तेच उठले, खिशातून शंभराची नोट काढून पाकिटात घातली आणि काही न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला आपली युक्ती सांगितली. गिऱ्हाइकाची गड्डी सोडण्याआधी त्याच्या स्लिपवरचा नोटांचा तपशील मोठ्याने वाचून घ्यायचा. म्हणजे मोजणारा आणि देणारा यांची गणती एका ठिकाणी येते. किती साधी गोष्ट! पण तीस वर्षांत ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. आपल्याकडे 'हातचे राखून शिकवणे' म्हणतात ते हेच. त्यात नेहमी दुष्टावा असतो असे नाही. ज्याला कधी कोणी काही दिले नाही, त्याला आपल्याजवळचे दिले तर आपण रिकामे होऊ, अशी धास्ती वाटत असते. त्या पाकिटाने मुलीला जेवढा धीर दिला, तेवढाच तो त्या जुन्या माणसालाही दिला असावा.

मधल्या काळात एका गुरुवारी मी शेगावला गेलो होतो. शेगावचे गजानन महाराज विदर्भाच्या घराघरांत आहेत. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते गावात प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगते. त्यांच्या हयातीतच, १९०८ साली, संस्थानची स्थापना झाली होती. मी दर्शनाला गेलो होतो हे खरे, पण त्या दिवशी माझी नजर सेवेकऱ्यांकडे लागली होती. पांढरा वेश, डोक्यावर टोपी. कोणी पादत्राणे सांभाळतो आहे, कोणी पाणी देतो आहे, कोणी फरशी पुसतो आहे. ही गावोगावची माणसे. आपापली पाळी घेऊन येतात, ठरलेले दिवस विनामूल्य सेवा करतात आणि घरी जातात. आणि या पाळीसाठीही थांबून राहावे लागते. विचार करा : ज्या ठिकाणची माणसे सतत बदलतात, तिथे व्यवस्था मोडून पडायला हवी. आमच्या कचेरीत एक शिपाई रजेवर गेला तर दोन दिवस फायली सापडत नाहीत. तिथे मात्र एवढ्या गर्दीत कुठे आरडाओरडा नाही, केर नाही.

महाप्रसादाच्या दालनात एक वयस्क सेवेकरी आणि त्याच्याबरोबर एक कोवळा पोरगा वाढत होते. पोराच्या हातून वरण थोडे सांडले. म्हातारा पुढे झाला, खांद्यावरच्या फडक्याने त्याने ते पुसले आणि हलकेच म्हणाला, "सावकाश, माउली." मी चमकलो. शेगावात सेवेकरी येणाऱ्या प्रत्येक भाविकाला माउली म्हणतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण इथे शिकवणारा शिकणाऱ्याला माउली म्हणत होता. ज्याला माउली म्हटले, त्याच्यावर पुढच्या वाक्यात खेकसता येत नाही. जीभच वळत नाही. आणि पुसण्याचे काम त्याने पोराला सांगितले नाही, स्वतः केले. पोराच्या हातातले वाढप मात्र काढून घेतले नाही. पोरगा पुढच्या पानाकडे गेला तो सावकाश गेला.

या व्यवस्थेमागे ज्यांचे आयुष्य गेले, ते शिवशंकरभाऊ पाटील. १९४० साली जन्मलेले भाऊ ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. संस्थानचा कारभार त्यांनी काही दशके विश्वस्त या नात्याने पाहिला. त्या काळात, १९८३ मध्ये, संस्थानचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे आनंदसागर उभा राहिला. पण विदर्भातल्या माणसांना त्यांच्याविषयी बोलताना इमारती आठवत नाहीत. संस्थानचे पाणीसुद्धा ते स्वतःसाठी घेत नसत, हीच गोष्ट जो तो आधी सांगतो. मला वाटते, हाताखालच्या माणसांना मार्ग दाखवण्याचा हा सर्वांत कमी शब्दांचा प्रकार असावा. वरचा माणूस काय बोलतो, ते खालची माणसे कानाने ऐकतात आणि विसरतात. तो काय घेतो आणि काय घेत नाही, ते डोळ्यांनी पाहतात आणि विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी शाखेत गेल्यावर मी माझ्या कपाखालची बशी बंद केली. हे भाऊंच्या मानाने फारच लहान झाले, हे मलाही कळते. पण आमच्या शिपायाने ती गोष्ट दिवसभरात सगळ्यांना सांगितली.

गेल्या दिवाळीच्या आधी सोयाबीनचे पैसे हाती आले आणि शाखेत पाय ठेवायला जागा उरली नाही. नेमका धनत्रयोदशीच्या दिवशी मला बुलढाण्याहून बैठकीचे बोलावणे आले. जुने रोखपाल कर्जाच्या वसुलीत गुंतलेले. कॅश त्या मुलीकडे आली. दुपारी तीननंतरची नव्हे, सकाळपासूनची. रस्त्याकडचे वावर! मी निघताना ती काही बोलली नाही. मीही काही सांगितले नाही. एसटीत बसल्यावर मला जाणवले, की माझी मूठ आवळलेली आहे.

दिवसभर काय झाले ते पुढे शिपायाने मला सांगितले. रांग दाराबाहेर गेली होती. ती गड्डी दोनदा मोजते म्हणून कोणीतरी कुरकुरले. तेव्हा समोर उभी असलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मोज ना माय निवांत! पैसे काई पळून नाही चालले." सगळे हसले आणि ती मुलगीही हसली. त्या म्हातारीला शाखाधिकारी करायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

संध्याकाळी सात वाजता फोन आला. "सर, दहा रुपये जास्त भरताहेत." बाहेरच्या माणसाला वाटेल, जास्तच भरतात ना, मग बिघडले कुठे? पण कॅशमध्ये जास्त हाही दोषच असतो. कोणाचे तरी आपल्याकडे राहिलेले असते. दहा रुपये कुठे असतील, याचे तीन अंदाज माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले आणि विचारले, "तुला काय वाटतं, कुठे असतील?" पलीकडे थोडा वेळ शांतता. "स्लिपा पुन्हा लावून पाहते." चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन. पाच हजार चारशे दहाच्या भरण्याची नोंद पाच हजार चारशे झाली होती. तिने स्वतः शोधली, जुन्या रोखपालांना दाखवली आणि दुरुस्त केली. "कॅश जुळली, सर," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "बाबांना पण फोन केला."

ते पाकीट तीन महिन्यांत उघडावे लागले नाही. नव्या वर्षात शाखेत एक मुलगा लागला, तेव्हा तिने ते त्याच्यासाठी ठेवायला लावले. मग एका दुपारी तीननंतर मी खोलीबाहेर आलो, तर तो मुलगा कॅशवर बसला होता, आणि शेजारच्या स्टुलावर ती. दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. हे तिला मी शिकवले नव्हते.

आपल्या जिल्ह्यातली एक लेक या विद्येत फार मोठी होऊन गेली. सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांच्या घरी १५९८ साली जन्मलेल्या जिजाऊंनी शिवाजीराजांना घडवले, हे आपण नित्य म्हणतो. घडवणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मांडीवर बसलेले बाळ आणि गोष्ट सांगणारी आई येते. मला मात्र १६६६ साल आठवते. त्या मार्चमध्ये राजे राजगडाहून आग्र्याकडे निघाले. मे महिन्यात दरबार झाला, मग कैद, आणि १७ ऑगस्टला सुटका. एवढे महिने राज्याचा धनी शत्रूच्या नजरकैदेत, आणि इकडे राज्यकारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली, मोरोपंत पिंगळ्यांसारख्या कारभाऱ्यांच्या हातून चालूच होता. राजाशिवाय पान हलत नाही असे ते राज्य असते, तर आग्र्याला राजे सापडताच ते संपले असते. माणसे तयार केली आहेत की नुसती राबवली आहेत, हे धनी समोर असताना कळत नाही. तो नसला म्हणजे कळते. शाखाधिकाऱ्याला एका दिवसाच्या बैठकीत जे थोडेसे कळते, ते त्या वर्षी एका सबंध राज्याला कळले.

हे सगळे आमच्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या गावी सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा त्यातला नेम. पहारा बदलला की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. यंदा मी पाहिले, ऐंशीच्या घरातले एक वीणेकरी पहारा संपवून उभे होते, आणि वीणा घ्यायला आला दहावीतला एक पोरगा. पोराने वाकून त्यांचे पाय धरले. मग म्हातारबाही तितकेच वाकले आणि त्यांनी पोराचे पाय धरले. वीणा देणाऱ्याने घेणाऱ्याला वंदन करायचे, ही रीतच आहे. तिथे वय पाहत नाहीत. पोराने पट्टा गळ्यात घातला, तार छेडली. क्षणभर सूर हलला, मग लागला. म्हातारबांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. खांबाशी ठेवलेले टाळ त्यांनी उचलले आणि रांगेत जाऊन ते इतरांबरोबर वाजवू लागले.